कापसाला आयोग, घरकुलाला कोण?

नंदुरबारहून दोंडाईच्याकडे निघाले की वाटेत रनाळे लागते. सुरत–भुसावळ लोहमार्गावर या गावाच्या नावाचे ‘रनाळा’ हे छोटेसे स्थानकही आहे. मुलूख कापूस-मिरचीचा, बोली अहिराणी. इथल्या पारावर कापसाच्या हमीभावाचा विषय काढला की शाळेत न गेलेला म्हाताराही आकडे सांगतो. 2016-17 मध्ये मध्यम धाग्याच्या कापसाला क्विंटलमागे 3,860 रुपये होते, 2025-26 मध्ये 7,710. तो भाव हातात पडतो का, खरेदी केंद्र कधी उघडते, ओलाव्याच्या नावाखाली किती कापले जाते, ही भांडणे वेगळी. भाव मात्र दरवर्षी नव्याने काढला जातो. बियाणे, खत, मजुरी, बैलजोडीचे भाडे, जमिनीचा खंड असा खर्च मांडून सरकारला आकडा सुचवणारा आयोग 1965 पासून दिल्लीत बसलेला आहे.

आता त्याच पारावर घरकुलाचा आकडा विचारा. प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) 2016 मध्ये सुरू झाली तेव्हा सपाट भागातल्या घराला 1,20,000 रुपये ठरले. आजही 1,20,000 च आहेत. डोंगराळ आणि दुर्गम भागासाठी तेव्हा 1,30,000 होते, तेही तिथेच. मधल्या काळात सिमेंटची गोणी, सळई, वाळूचा ट्रॅक्टर आणि गवंड्याची हजेरी यांनी कोणाचीही परवानगी न घेता आपापले भाव वाढवले.

हा आकडा कोण ठरवतो, त्यावर देखरेख कोणाची, आणि तो चुकला तर दाद कोणाकडे मागायची? अमेरिकेतल्या काही राज्यांत परवडणाऱ्या घरांचे धोरण आणि त्यासाठीचा पैसा यांवर नजर ठेवायला स्वतंत्र आयोग नेमलेले आहेत. महाराष्ट्रात असा आयोग नाही. तरीही देखरेख करणाऱ्यांची वाण नाही. उलट इतके जण देखरेख करतात की घराचा पूर्ण हिशेब एकाच्याही टेबलावर येत नाही.

रनाळ्यातल्या एखाद्या कुटुंबाची फाइल धरून चालत गेले की हे कळते. पहिली पायरी ग्रामपंचायत. नाव ‘ड’ यादीत आहे का, हा गावातला पहिला प्रश्न. 2011 च्या सामाजिक, आर्थिक व जात सर्वेक्षणातून निघालेली जुनी यादी ‘प्रपत्र ब’, आणि तिच्यातून सुटलेल्यांसाठी 2018 मध्ये ‘आवास प्लस’ सर्वेक्षण करून केलेली यादी ‘प्रपत्र ड’. सरकारी कागदावरचे हे अक्षर आता बोलीत इतके मुरले आहे की ‘ड मध्ये आहे ना?’ एवढ्यावर बोलणे भागते. ग्रामसभेने यादी वाचायची, अपात्र नावे वगळायची, ठराव करायचा. मग फाइल नंदुरबारच्या पंचायत समितीत गटविकास अधिकाऱ्याकडे जाते, तिथून जिल्हा ग्रामीण विकास यंत्रणेकडे, आणि वर नवी मुंबईत बेलापूरला बसणाऱ्या ‘राज्य व्यवस्थापन कक्ष – ग्रामीण गृहनिर्माण’ या कार्यालयाकडे. ग्रामविकास विभागाच्या या कक्षालाच महाराष्ट्रातला, आयोगाच्या सर्वांत जवळ जाणारा घटक म्हणता येईल. उद्दिष्टे वाटणे, मंजुरीचा वेग पाहणे, हप्त्यांचा पाठपुरावा, जिल्ह्यांची क्रमवारी लावणे ही कामे तो करतो. धोरण आखण्याचा किंवा रक्कम ठरवण्याचा अधिकार त्याला नाही.

वाट इथे संपली असती तर बरे झाले असते. कुटुंब आदिवासी असेल आणि प्रधानमंत्री योजनेत बसत नसेल तर ‘शबरी आदिवासी घरकुल योजना’. तिचा पैसा आदिवासी विकास विभागाचा. अनुसूचित जातीचे असेल तर ‘रमाई’, सामाजिक न्याय विभाग. भटक्या-विमुक्तांसाठी यशवंतराव चव्हाणांच्या नावाची मुक्त वसाहत योजना, इतर मागासवर्गीयांसाठी 2023 मध्ये आलेली ‘मोदी आवास’, पारध्यांसाठी वेगळी, नोंदणीकृत बांधकाम कामगारांसाठी ‘अटल’च्या नावाची आणखी एक. विटा त्याच, गवंडी तोच, पंचायत समितीतला अभियंताही बहुधा तोच. फक्त पैशाचे शीर्ष आणि मंत्रालयातला मजला बदलतो. एका गल्लीतल्या चार घरांवर चार विभागांची नावे रंगवलेली दिसतात. अंमलबजावणी एका छत्राखाली आणण्याचे प्रयत्न झाले आहेत, पण तिजोऱ्या वेगळ्याच आहेत. एका विभागाचा निधी वेळेवर उतरतो, दुसऱ्याचा अडकतो, आणि शेजाऱ्याचा स्लॅब पडला तरी आपले जोते तसेच का, याचे उत्तर गावात कोणाकडेच नसते.

शहरांची व्यवस्था आणखी निराळी. तिथे गृहनिर्माण विभाग, ‘म्हाडा’, नगरपालिका, आणि प्रधानमंत्री आवास (शहरी) साठी मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखालची राज्यस्तरीय मंजुरी व सनियंत्रण समिती. म्हाडाची विभागीय मंडळे आहेत. नंदुरबार नाशिक मंडळात येते. म्हाडाचा जन्म 5 डिसेंबर 1977 चा, पण तिच्या पूर्वजांचा शोध घ्यायचा तर 1898 पर्यंत मागे जावे लागते. मुंबईत प्लेगने थैमान घातल्यावर सरकारने इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट काढला, पुढे डेव्हलपमेंट विभागाने चाळी बांधल्या, स्वातंत्र्यानंतर गृहनिर्माण मंडळ आले. घर हा सरकारचा विषय आहे, हे महाराष्ट्राला मुंबईने शिकवले, आणि त्याची किंमत खेड्यांनी अशी मोजली की आजही ‘गृहनिर्माण विभाग’ म्हटले की मनात शहरच येते. खेड्यातले घर ग्रामविकासाच्या खात्यात, योजनेच्या रांगेत बसलेले.

मे 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ‘माझे घर, माझा अधिकार’ हे ब्रीद घेऊन नवे गृहनिर्माण धोरण मंजूर केले. 2007 नंतरचे हे पहिलेच. 2030 पर्यंत दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटांसाठी 35 लाख घरे आणि 70 हजार कोटींची गुंतवणूक असे त्याचे मोठे आकडे. पुनर्विकास, भाड्याची घरे, नोकरदार महिला, विद्यार्थी, गिरणी कामगार यांचा विचार त्यात आहे. घरांची सगळी माहिती एकत्र ठेवणाऱ्या राज्यव्यापी पोर्टलची कल्पनाही चांगली आहे. पण धोरणाचा तोंडवळा शहरी आहे. रनाळ्याच्या माणसाने ते वाचले तर आपले गाव त्यात सापडायला त्याला बराच वेळ लागेल.

ग्रामीण घरांचा सरकारी इतिहास खरा सुरू होतो 1985 मध्ये, इंदिरा आवास योजनेपासून. आधी ती रोजगार योजनेचे उपांग होती. 1 जानेवारी 1996 पासून स्वतंत्र झाली. त्या काळातल्या तक्रारी जुन्या माणसांना पाठ आहेत: घर मंजूर एकाला, राहणारा दुसरा, पैसे हातात पडेपर्यंत त्यांना लागलेली गळती, आणि काही घरे तर निव्वळ कागदावर उभी. नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी 2014 मध्ये या योजनेची देशभर तपासणी केली, तेव्हा अनेक राज्यांनी घरांची टंचाई नीट मोजलीच नव्हती आणि अपात्रांनाही लाभ मिळाला होता, असे निघाले.

तो काळ आठवला की आजच्या देखरेखीचे श्रेय नाकारता येत नाही. आता पैसा थेट लाभार्थ्याच्या खात्यात पडतो. जोते, लिंटल, छत अशा टप्प्यांवर अभियंता मोबाइलमधून जागेच्या अक्षांश-रेखांशासह फोटो चढवतो. फोटो चढला की तालुक्यातून निधी हस्तांतरणाचा आदेश निघतो. गावात त्याला ‘एफटीओ पडला’ म्हणतात. घर शक्यतो बाईच्या नावावर किंवा नवरा-बायकोच्या संयुक्त नावावर असावे लागते. पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात जातात, आणि देशातले पहिले आधार याच जिल्ह्यात, शहादा तालुक्यातल्या टेंभलीत, 29 सप्टेंबर 2010 रोजी पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते दिले गेले होते. ज्या जिल्ह्याने देशाला आधार दाखवले, त्याच्या खेड्यांत अंगठा उमटत नाही किंवा खाते चुकीचे जोडले गेले म्हणून हप्ता भलतीकडे गेल्याच्या तक्रारी व्हाव्यात, हा योग विचित्रच.

देखरेखीला वेगाचेही भारी वेड लागले आहे. नोव्हेंबर 2020 मध्ये राज्याने 100 दिवसांचे ‘महा आवास अभियान’ काढले. त्यानंतर अशी अभियाने नावे बदलून येत राहिली, तालुक्यांना आणि जिल्ह्यांना बक्षिसे मिळत राहिली. 22 फेब्रुवारी 2025 रोजी पुण्यात बालेवाडीला केंद्रीय गृहमंत्री अमित शहा यांच्या उपस्थितीत राज्यातल्या 20 लाख कुटुंबांना मंजुरीपत्रे आणि त्यांपैकी 10 लाखांना पहिला हप्ता देण्याचा कार्यक्रम झाला. एका दमात एवढी मंजुरी हा यंत्रणेचा पराक्रमच. मात्र पहिला हप्ता 15 हजारांचा असतो. तेवढ्यात पाया खोदून जोत्यापर्यंत यायचे, म्हणजे दुसरा हप्ता मिळेल. हाताशी पैसा असलेला माणूस जोते पटकन उचलतो. नसलेला सावकाराकडे, कापूस घेणाऱ्या व्यापाऱ्याकडे किंवा ऊसतोडीच्या मुकादमाकडे जातो.

मुकादमाचा उल्लेख उगाच आलेला नाही. जिल्ह्यातली हजारो कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीला किंवा गुजरातेत मजुरीला जातात आणि होळीच्या आसपास परततात. बांधकामाचे खरे महिने हेच, कारण पावसाळ्यात काम उभे राहत नाही. तालुक्यातून ‘घर अपूर्ण का?’ अशी नोटीस निघते तेव्हा घरमालक कुठल्याशा कारखान्याच्या फडात असतो. उचल घेतली ती घरासाठी, आणि घर थांबले ते उचल फेडायला गेल्यामुळे. अशा घराची नोंद ‘प्रलंबित’ या एकाच रकान्यात होते. मालक आळशी आहे, कर्जात आहे की फडात, हे त्या रकान्याला विचारता येत नाही.

म्हणजे यंत्रणा जे मोजते ते चोख मोजते. प्रश्न आहे तो तिने मोजायचेच सोडून दिलेल्या गोष्टींचा.

खर्चाचा हिशेब साधा आहे. योजनेप्रमाणे घर किमान 25 चौरस मीटरचे, म्हणजे सुमारे 269 चौरस फूट. 1,20,000 ला 269 ने भागले की चौरस फुटाला 446 रुपये येतात. या दरात खोली बांधून देणारा गवंडी नंदुरबार तालुक्यात शोधून दाखवावा. सरकारलाही हे ठाऊक आहे, म्हणून तर योजनेच्या मूळ आराखड्यातच लाभार्थ्याला 70,000 रुपयांपर्यंत बँकेचे कर्ज मिळवून देण्याची तरतूद आहे. पण तारणाला शेत नसलेल्या मजुराला बँक किती सहज उभे करते, हे सगळ्यांना माहीत आहे.

गंमत पुढे आहे. इंदिरा आवासच्या काळात ही रक्कम अधूनमधून वाढत होती. सपाट भागात 2008 मध्ये 35 हजार, 2010 मध्ये 45 हजार, 2013 मध्ये 70 हजार आणि 2016 मध्ये 1,20,000. आठ वर्षांत चार आकडे. त्यानंतर घड्याळ बंद पडले. देखरेख ढिली होती तेव्हा रक्कम हलत होती. देखरेख उपग्रहापर्यंत पोहोचली आणि रक्कम गोठली.

याच घरात दुसराही एक पैसा असतो, आणि तो गोठलेला नाही. रोजगार हमीतून घरमालकाला स्वतःच्या घरावर 90 दिवसांची मजुरी मिळण्याची सोय योजनेत केलेली आहे. महाराष्ट्रात 2016-17 मध्ये हा दर दिवसाला 192 रुपये होता, 2025-26 मध्ये 312. म्हणजे 90 दिवसांचे 17,280 होते ते 28,080 झाले. कारण ही मजुरी शेतमजुरांच्या महागाई निर्देशांकाला बांधलेली आहे. दरवर्षी आकडा आपोआप सरकतो. ती वाढ पुरेशी आहे असे कोणी म्हणणार नाही, पण सरकते तरी. एकाच भिंतीत लागणाऱ्या मजुरीला महागाई लागू होते आणि सिमेंटला होत नाही, असे मानणारी ही योजना आहे. मस्टर वेळेवर निघाले तर ही मजुरी मिळते, हे सांगायला नकोच.

शौचालयाचे 12 हजार स्वच्छ भारत अभियानातून. असे सगळे जोडून बेरीज दीड लाखाच्या पुढे जाते. कागदावर याला ‘अभिसरण’ म्हणतात. गावात त्याचा अर्थ चार वेगळ्या कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवणे.

राज्य सरकारने 2025 मध्ये आपल्या बाजूने 50 हजारांची भर घातली: 35 हजार बांधकामाला आणि 15 हजार छतावरच्या सौर यंत्रणेसाठी. मूळ 1,20,000 मध्ये राज्याचा वाटा 40 टक्के, म्हणजे 48 हजार. त्याच्याहून मोठी भर राज्याने स्वतःहून घातली. हा निर्णय स्वागतार्हच. त्याच वर्षी एप्रिलच्या वाळू धोरणात घरकुलाला 5 ब्रासपर्यंत वाळू मोफत ठरली. अर्थात वाळू मोफत, वाहतूक ज्याची त्याने पाहायची. आणि तापीच्या पात्रापासून गावापर्यंत ट्रॅक्टर आणताना मोफतपणा बराचसा डिझेलमध्ये विरघळतो. पण मुख्य अडचण दुसरीच आहे. ही 50 हजारांची वाढ योजनेच्या दुसऱ्या टप्प्यातल्या घरांना. 2021 मध्ये मंजुरी मिळून पैशाअभावी लिंटलला अडकलेल्या घराला ती नाही. दोन सख्ख्या भावांची घरे एकाच वाड्याच्या जागेत शेजारी शेजारी उभी राहतात आणि एकाला मिळालेले अनुदान दुसऱ्यापेक्षा 50 हजारांनी कमी असते. कोणत्या निकषावर? अर्थसंकल्प कोणत्या साली आला, या.

नकाशावर रनाळ्याची जागा अशी आहे की हा विस्कळीतपणा तिथे उभे राहून दोन्ही बाजूंना दिसतो. एका अंगाला नंदुरबार नगरपालिका, दुसऱ्या अंगाला धुळे जिल्ह्यातली दोंडाईचा-वरवाडे नगरपालिका. या दोन्ही शहरांत स्वतःच्या जागेवर घर बांधणाऱ्या गरीब कुटुंबाला प्रधानमंत्री आवास (शहरी) मधून अडीच लाख मिळतात: केंद्राचे दीड, राज्याचा एक. मधल्या रनाळ्यात, वेस ओलांडली म्हणून, मूळ अनुदान निम्म्याहून कमी. सिमेंटची गोणी मात्र या दोन शहरांतल्या दुकानांतूनच येते, आणि गाडीभाडे वर लागते. शहरातली जमीन महाग हे खरे. पण दोन्हीकडे हे अनुदान बांधकामासाठी आहे, जमिनीसाठी नाही.

आदिवासींच्या बाबतीत तर तफावतीवर आणखी एक थर चढतो. नोव्हेंबर 2023 मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम-जनमन’ अभियानात अतिअसुरक्षित आदिवासी गटांच्या घराला 2 लाख रुपये ठरले. महाराष्ट्रात कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड हे असे गट. त्यांना ते मिळालेच पाहिजेत. पण नंदुरबारच्या भिल्ल, पावरा, मावची, कोकणा समाजांची गणना त्या गटांत होत नाही. अक्राणी तालुक्याच्या डोंगरात, जिथे सळई खांद्यावरून चढवावी लागते, तिथल्या पावरा कुटुंबाचे मूळ अनुदान 2016 चेच. 2011 च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या साडेसोळा लाखांच्या आसपास होती आणि तीत दहातले जवळपास सात जण अनुसूचित जमातीचे होते. अशा जिल्ह्यात कोणता आकडा कोणाला आणि का, हे समजावून सांगायचे काम ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे येते.

जागेचा प्रश्न तर या सगळ्याच्या आधीचा. घर मंजूर, पण बांधायचे कुठे? गावठाण जुनेच, कुटुंबे दुप्पट झाली. जागा विकत घेण्यासाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय यांच्या नावाची अर्थसाहाय्य योजना आहे; तिची मर्यादा 50 हजारांवरून 2024 मध्ये 1 लाख झाली. रस्त्याला लागून असलेल्या गावात तेवढ्यात 500 चौरस फूट मिळणे नशिबाचे काम. उरते गायरान. राज्याने 2018 मध्ये 1 जानेवारी 2011 पूर्वीची निवासी अतिक्रमणे नियमित करण्याची वाट काढली, 500 चौरस फुटांपर्यंत विनामूल्य. दुसरीकडे सर्वोच्च न्यायालयाने 28 जानेवारी 2011 च्या जगपाल सिंग खटल्यात गावच्या सामाईक जमिनीवरची अतिक्रमणे हटवण्याचे आदेश दिले होते. भूमिहीन आणि अनुसूचित जाती-जमातींना दिलेल्या जागांचा अपवाद त्यात होता. 2022 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून गायरानांचा विषय हाती घेतल्यावर राज्यभर नोटिसा सुटल्या आणि घरकुल मंजूर झालेली कुटुंबेही धास्तावली. एक खाते म्हणते जोते बांधा, दुसरे म्हणते जागा सोडा. या दोघांना एका खोलीत बसवण्याचा अधिकार असलेली व्यक्ती जिल्ह्यात एकच, जिल्हाधिकारी. आणि त्यांच्या टेबलावर घर हा चाळीस विषयांपैकी एक.

निकषांचेही असेच. दुचाकी आहे, फ्रिज आहे, म्हणून घर नाही, ही अट 2024 पर्यंत टिकून होती. ज्या भागात दवाखाना पंचवीस किलोमीटरवर आहे तिथे हप्त्यावर घेतलेली जुनी मोटारसायकल श्रीमंतीची खूण मानली गेली. 2024 मध्ये केंद्राने ती अट काढली, महिन्याच्या उत्पन्नाची मर्यादा 10 हजारांवरून 15 हजारांवर नेली आणि नवे सर्वेक्षण सुरू केले. चूक सुधारली, ठीक. पण ती सुधारायला आठ वर्षे लागली, आणि त्या काळात वगळलेली नावे कोणती, याचा शोध ज्याला त्याला स्वतःच घ्यावा लागला.

इतर राज्ये काय करतात? कर्नाटकाने 2000 साली राजीव गांधी ग्रामीण गृहनिर्माण महामंडळ काढून केंद्राच्या, राज्याच्या, खेड्याच्या आणि शहराच्याही योजना एका दारात आणल्या. दार एक झाले की लाभार्थ्याची हेलपाट्यांतून सुटका होते. रक्कम मात्र तिथेही सरकारच्या मर्जीवर. केरळने उलट टोक पकडले. 2017 पासूनच्या ‘लाइफ’ मिशनमध्ये घराला 4 लाख, आदिवासी वस्तीत 6 लाख. केंद्राचे 72 हजार त्यातच धरायचे आणि बाकीचे राज्य, ग्रामपंचायती आणि ‘हुडको’चे कर्ज यांतून उभे करायचे. केरळच्या तिजोरीवर त्याचा ताण आला आणि रांगही लांबली. हे लपवण्यात अर्थ नाही. तरी तिथे निदान घराला काय लागते, हा प्रश्न आधी विचारला गेला.

ग्रामविकासाच्या संसदीय स्थायी समितीनेही 2025 मध्ये अनुदान 4 लाखांपर्यंत नेण्याची शिफारस केली. केरळचाच आकडा. शिफारस मानायची की नाही, हे सरकारवर. आणि न मानण्याची कारणे गावापर्यंत पोहोचवण्याचे बंधन कोणावर नाही.

इथेच आयोगाची गरज दिसते, आणि इथेच शंकाही येते. महाराष्ट्राला मंडळे-समित्यांची हौस कमी नाही. प्रादेशिक अनुशेष मोजणाऱ्या दांडेकर समितीचा अहवाल 1984 मध्ये आला, केळकर समितीचा 2013 मध्ये. 1994 मध्ये वैधानिक विकास मंडळे आली. खान्देश त्यात ‘उर्वरित महाराष्ट्र’ या कोणाच्याच जिव्हाळ्याचे नसलेल्या नावाखाली गेला. 30 एप्रिल 2020 ला त्यांची मुदत संपली. तेव्हा आणखी एक पाटी, आणखी एक अध्यक्ष, आणखी एक लाल दिवा एवढाच आयोगाचा अर्थ असेल तर रनाळ्याला त्याचा उपयोग नाही.

उपयोगी पडेल तो अगदी लहान आणि एकाच कामाचा आयोग. दरवर्षी प्रत्येक जिल्ह्यात 25 चौरस मीटरच्या साध्या घराचा खर्च मोजायचा: सिमेंट, सळई, वाळू, वीट, गवंडी, गाडीभाडे. अक्राणीचा वेगळा, नंदुरबारचा वेगळा. तो आकडा जाहीर करायचा, आणि सगळ्या विभागांच्या घरकुल योजनांना तोच लावायचा. सरकारला तेवढे पैसे देणे परवडत नसेल तर किती कमी आणि का, हे विधिमंडळात लेखी सांगायचे. यात नवे काहीच नाही. राज्य वित्त आयोगाच्या शिफारशींवर काय कारवाई केली, हे सभागृहापुढे मांडणे संविधानाच्या 243-आय या अनुच्छेदाने बंधनकारक केलेलेच आहे. ग्रामपंचायतीच्या पैशाला जी शिस्त, ती घराच्या पैशाला लावायची. आणि त्या आयोगाने फोटोसोबत एक प्रश्नही विचारावा: या घरावर तुमचे स्वतःचे किती गेले, आणि ते कुठून आणले? चार महिन्यांत राज्याला आपल्या घरकुलांमागचे कर्ज कळेल.

खासदारांच्या अध्यक्षतेखालची जिल्हा विकास समन्वय व सनियंत्रण समिती, जिल्हा नियोजन समिती आणि ग्रामसभा यांना आजही हा प्रश्न विचारता येतो. रनाळ्याच्या ग्रामसभेने गावात गेल्या पाच वर्षांत पूर्ण झालेल्या घरांचा खरा खर्च काढून तो ठरावासह वर पाठवला, तर त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही. वही, पेन आणि दोन संध्याकाळी पुरतील.

केंद्रीय मंत्रिमंडळाने 9 ऑगस्ट 2024 रोजी मार्च 2029 पर्यंत आणखी 2 कोटी ग्रामीण घरांना मंजुरी दिली. एकूण तरतूद 3,06,137 कोटी रुपयांची. त्या निर्णयात प्रति घर अनुदान जुनेच ठेवले आहे: सपाट भागात 1,20,000. 2029 येईपर्यंत कापसाचा भाव मात्र दरवर्षी नव्याने जाहीर होत राहील.